बिनइंजिनाचा बी.ई.

माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागच्या बाजूला, डोळे बारीक करून का होईना, ‘बी.ई.’ ही अक्षरं वाचता येतात. बारावीला गणितात मी जो पराक्रम केला, त्यानंतर ही अक्षरं आमच्या घराण्यात येतील ही आशा वडिलांनी सोडली होती आणि मला मुकाट्याने कॉमर्सला घातलं होतं. ब्रिटिश सरकारने मात्र पन्नाशी उलटल्यावर मला घरबसल्या बी.ई. केलं. यातला ‘बी’ म्हणजे साधी मोटारगाडी आणि ‘ई’ म्हणजे तिच्यामागे जोडलेला ट्रेलर, हा खुलासा कोणी फारच खोदून विचारल्याशिवाय मी करत नाही.

ब्रिटनमध्ये ज्यांनी 1 जानेवारी 1997 च्या आधी ड्रायव्हिंगची परीक्षा दिली, त्यांना गाडी आणि ट्रेलर मिळून सव्वाआठ टनांपर्यंतचं धूड ओढायचा हक्क आपोआप मिळाला. नंतरच्यांना मोठा ट्रेलर ओढायचा तर वेगळी परीक्षा. मी नंतरचा. दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर गाडी घालून ती सुखरूप बाहेर काढलेला मी माणूस. पण इथे भारतीय लायसन्स फक्त वर्षभर चालतं. मग गाडीला लाल ‘एल’ लावून, शेजारी शिक्षक बसवून, मला पुन्हा श्रीगणेशा करावा लागला होता. तो अपमान मी बरीच वर्षं जपून ठेवला होता. अशात 16 डिसेंबर 2021 पासून सरकारने ट्रेलरची ती परीक्षाच काढून टाकली आणि साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढायची मुभा आम्हा सगळ्यांना देऊन टाकली.

माझी पहिली समजूत अशी, की इतकी वर्षं माझं चालवणं पाहून सरकारचं मन द्रवलं. खरी गोष्ट अशी होती की त्या वर्षी देशात लॉरी ड्रायव्हरांचा तुटवडा पडला होता, सप्टेंबरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, आणि लॉरीवाल्यांच्या परीक्षा घ्यायला परीक्षक मोकळे हवे होते. म्हणून आमची परीक्षा रद्द. त्याच 2021 साली महाराष्ट्रात दहावीची जवळजवळ अख्खी बॅच परीक्षा न देता पास झाली होती. त्या मुलांना हसणं मी तेव्हापासून बंद केलं.

पदवी मिळाल्यावर लोक नोकरी शोधतात; मी ट्रेलर शोधला. निमित्त तयारच होतं. आमच्या इथल्या मंडळाचं ढोल-ताशा पथक आहे. ढोल वजनाला काही फार नसतो, पण जागा खातो, आणि दर गणपतीत व्हॅनच्या भाड्यावरून सभेत वाद ठरलेला. ‘मी ओढतो,’ असं मी उभा राहून जाहीर केलं. एक सेकंडहँड ट्रेलर घेतला, बिनब्रेकचा, साडेसातशे किलोंचा, वर निळी ताडपत्री. गाडीला मागे टो बार बसवून घेतला. त्या टो बारवर 50 मिलिमीटरचा एक लोखंडी गोळा असतो. रविवारी सकाळी, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल अशा बेताने, मी तो फडक्याने पुसू लागलो.

शेजारचे निवृत्त गृहस्थ कुंपणापाशी आले. ते 1997 च्या आधीचे, म्हणजे सव्वाआठ टनवाले. त्या हक्काच्या जोरावर ते बागेतला पालापाचोळा टाकायला जातात. ट्रेलर न्याहाळून ते म्हणाले, ‘छान आहे. पण एवढ्याशासाठी तुला नव्या कायद्याची गरज नव्हती हं. साडेसातशे किलोंपर्यंतचा तर तुला आधीपासूनच चालत होता.’

झालं. पदवीचा उपयोग संपला. अशा वेळी माणूस विद्वत्तेकडे वळतो. मी ट्रेलरचे नियम पाठ केले आणि ज्याला नको असतील त्याला सांगू लागलो. बिनब्रेकच्या ट्रेलरचं भरलेलं वजन गाडीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. मोटरवेवर ताशी साठ मैलांच्या वर जायचं नाही आणि तीन लेन असतील तर सगळ्यात उजवीकडच्या लेनमध्ये घुसायचं नाही. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असेल तर आरशांना जोडआरसे लावायचे, नाहीतर हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन गुण. (आयुष्यात हे एकच गुण असे, की जे मिळाल्यावर घरी सांगता येत नाही.) माल भरताना जड वस्तू चाकांच्या वर आणि किंचित पुढे ठेवायच्या, म्हणजे ट्रेलरचं नाक टो बारवर बेताचं दाबतं, सगळं मागे भरलंत तर वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग गाडी कोण चालवतंय हे गाडीला कळत नाही. भाडं घेतलं की खासगी गाडीचा विमा अंग काढून घेतो, म्हणून मी मंडळाकडून पैसे घेत नाही. नारळ घेतो. मंडळाच्या सभेत मी बोलायला उठलो की खजिनदार चहाची ऑर्डर देतात, असा आमच्यात अलिखित करार आहे.

हे सगळं पुढे जाण्याबद्दल झालं. मागे घेण्याबद्दल कायद्यात फारसं काही नाही. ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, उजवीकडे वळवलं की डावीकडे, आणि गोंधळून दोन्हीकडे वळवलं की गाडी आणि ट्रेलर काटकोनात येऊन एकमेकांकडे बघत बसतात.

इथे मला थोडं विषयांतर करावं लागेल, कारण गाडी मागे घेणं हा आपल्याकडे एकट्याचा उद्योग कधीच नव्हता. रिव्हर्स येणारी गाडी दिसली की मराठी माणसाला राहवत नाही. तो आपल्या कामाला निघालेला असतो, हातात दुधाच्या पिशव्या असतात, गाडी कोणाची हे ठाऊक नसतं. तरी तो मागे जाऊन उभा राहतो आणि मोकळा हात हलवू लागतो. ‘येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे मारा... अहो, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे... येऊ द्या... बास!’ यातलं ‘बास’ नेहमी गाडी टेकल्यानंतर येतं. मग तो टेकलेल्या जागेकडे पाहून ‘काही नाही झालं’ असा निकाल देतो आणि निघून जातो. नाव नाही, गाव नाही, आभाराची अपेक्षा नाही. 

यात पोटजाती आहेत. पुण्याचा असेल तर तो हात हलवत नाही, नुसता म्हणतो, ‘ट्रक बसेल हो इथे,’ आणि तुमच्या ड्रायव्हिंगबद्दलचं त्याचं मत त्यातच येऊन जातं. कोल्हापूरकडचा ‘आन दे, आन दे’ इतक्या मायेने म्हणतो की भिंतीवर गेलात तरी राग येत नाही. टेम्पोवाल्यांचा क्लीनर तोंडाने बोलतच नाही, फाळक्यावर थापा मारतो. त्या थापांतला फरक ड्रायव्हरला झोपेतही कळतो. एसटीच्या कंडक्टरने तर हे शास्त्र पूर्णत्वाला नेलं: एक घंटी थांबा, दोन घंट्या चला, आणि मागे घेताना खाली उतरून अशी शिट्टी, की स्टँडवरचे झोपलेले प्रवासीसुद्धा दोन पावलं मागे सरकावेत. मध्यंतरी गाड्यांना रिव्हर्सची गाणी आली, आता कॅमेरे आले. पण कॅमेरा ‘काही नाही झालं’ म्हणत नाही.

इंग्लंडमध्ये हा माणूस नाही. मी घरासमोर पहिल्यांदा ट्रेलर मागे घेऊ लागलो तेव्हा दोन्ही बाजूंनी गाड्या थांबल्या. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी उतरलं नाही. सगळे अत्यंत सभ्यपणे आपापल्या समोर बघत बसले. ती सभ्यता अंगावर येते. त्या शांततेत माझा ट्रेलर शेजाऱ्यांच्या गुलाबांकडे निघाला होता आणि मला कोणीतरी आईवरून शिवी दिली असती तरी आधार वाटला असता.

मिरवणुकीच्या दिवशी मात्र भरपाई झाली. हॉलचं फाटक अरुंद, आत वळण, आणि ढोल उतरवायचे मागच्या दाराशी. फेटे बांधलेले सगळे वादक एका झटक्यात दिग्दर्शक झाले. पाच जण ‘येऊ द्या’ म्हणत होते, तिघे ‘थांबा’, आणि सॉफ्टवेअरमधला एक जण मोबाइलवर कोन मोजत होता. ट्रेलर आणि गाडी पुन्हा काटकोनात आली.

‘उतरा,’ बायको म्हणाली.

‘अगं, नियम असा आहे की...’

‘नियम राहू द्या. उतरा तुम्ही.’

ती वाळवा तालुक्यातली. माहेरी ट्रॅक्टर, ट्रॉली आणि ऊस. ती चाकामागे बसली, एकच हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरला आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे तो हात सरकवत गेली. हात डावीकडे, ट्रेलर डावीकडे. आरशात बघत, घाई नाही, खालचा ओठ जरासा दाताखाली. ट्रेलर दाराशी असा जाऊन लागला की ताशेवाल्याने उत्साहात काडी टाकली. ‘दादांनी शिकवलं होतं,’ ती उतरताना म्हणाली. ‘आठवीत असताना. ही तर खेळण्यातली आहे.’

उतरल्यावर तिने एक गोष्ट केली, जी ती दर वेळी करते आणि जिला मी बरेच दिवस कटकट समजत होतो. ती मागे गेली. ‘ब्रेक दाबा. उजवा. डावा. आता नुसते दिवे.’ मग खाली वाकून ट्रेलरच्या मागचे दोन लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर तिने ओढणीने पुसले. आम्ही घरी परतणार होतो ते अंधारात, म्हणून.

तिचा मामेभाऊ गळीत हंगामात गेला. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉलीचं चाक रात्री वाटेत निखळलं. ट्रॅक्टर सोडवून नेला, ट्रॉली तिथेच, चाकांना दगड लावून. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना कोणी माणूस. तो मोटारसायकलवरून घरी येत होता. एवढंच.

आपल्याकडे कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने इंजिन नसलेला ट्रेलरही मोटार वाहनच धरलेला आहे. त्याची नोंदणी करावी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर सगळ्यात शेवटच्या ट्रेलरवर असावा लागतो. इथे मला ट्रेलरच्या मागे गाडीच्याच नंबरची पिवळी पाटी लावायला लावतात, तोच हा नियम. फक्त तिकडे ऊस मागे असा लोंबतो की नंबर, दिवा, सगळं त्याच्या आड जातं. पुढे ट्रॅक्टरला झिरमिळ्या, चार-चार हेडलाइट, काचेवर मालकाच्या मुलाचं नाव आणि गाण्यांचा दणदणाट, मागे अंधार. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर चिकटवण्याचे कार्यक्रम होतात, पाहुणे येतात, फोटो छापून येतात. दरवर्षी होतात. आणि दरवर्षी त्या रस्त्यांवर कोणीतरी मागून येऊन धडकतं. मला याचा जो संताप येतो त्याला विनोदात बसवायचा प्रयत्न मी करून पाहिला; तो बसत नाही.

ट्रेलरचे जे नियम मी मिरवण्यासाठी पाठ केले होते, ते त्या रात्री हॉलच्या आवारात मला पहिल्यांदा समजले. दिवे, त्रिकोण, पाटी, रुंद आरसे, वेगाची मर्यादा: यातलं बहुतेक काही ओढणाऱ्यासाठी नाही. ते मागून येणाऱ्या, आपल्याला कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी आहे. गाडी चालवणाऱ्याची सगळी ऐट पुढच्या बाजूला असते. माझी तर होतीच. मागच्याचा विचार करायला कोणाला तरी वाकून त्रिकोण पुसावा लागतो. दुधाच्या पिशव्या हातात घेऊन ‘येऊ द्या’ म्हणणारा तो माणूस, त्याचं ‘बास’ कितीही उशिरा येवो, निदान मागे जाऊन उभा तरी राहतो.

हा साक्षात्कार मी मंडळाच्या पुढच्या सभेत सविस्तर मांडला. चहा आला.

आता आमच्यात कामाची वाटणी झाली आहे: पुढे जायचं ते मी, मागे जायचं ते ती. कायदा धुंडाळून पाहिला. ट्रेलर ओढणारा आणि मागे घेणारा एकच असावा असं कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय माझी पदवी अशी वापराविना गंजत पडणं बरं नव्हे, म्हणून साडेसातशे किलोंच्या वरचं काहीतरी घ्यावं, एखादी छानशी कॅरॅव्हान घेऊन स्कॉटलंडला जावं, असा प्रस्ताव मी परवा रात्री जेवताना मांडला. नियमही सांगितले. चालत्या कॅरॅव्हानमध्ये माणसं बसवायला इथे कायद्याने बंदी आहे, हेही सांगितलं.

‘एवढा एक नियम तेवढा चुकला बघा त्यांचा,’ ती भाकरी मोडत म्हणाली.

‘का गं?’

‘नाहीतर तुम्हाला मागे बसवून आपण कुठेही गेलो असतो.’