मधले १५७ किलोमीटर

मुंबई ते नागपूर विमानाचं अंतर साधारण ६८० किलोमीटर, असं मी मामांना फोनवर सांगितलं आणि पलीकडून नुसता घसा खाकरल्याचा आवाज आला. मामा रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांच्या लेखी हे अंतर ८३७ किलोमीटर आहे. त्यात घासाघीस नाही.

"मंग मधले १५७ कुठं गेले?"

म्हटलं, विमान नाकासमोर जातं.

"कसारा नाही, भुसावळ नाही, शेगावची कचोरी नाही. मंग तू आला कोठून बे?"

आता नाकासमोर जातं ते कागदावर. पृथ्वीच्या गोल पाठीवर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट धरली, तर ६८०. प्रत्यक्षात मुंबईहून विमानं बहुतेक वेळा पश्चिमेकडे उडतात. नागपूर पूर्वेला! त्यामुळे विदर्भात निघालेला माणूस आधी जुहूचा किनारा बघतो, मग अरबी समुद्र बघतो, आणि आपण चुकून मस्कतच्या विमानात तर बसलो नाही ना, म्हणून बोर्डिंग पास चाचपतो. तेवढ्यात विमान वळतं. शेजारचे काका मात्र मघाशीच झोपलेले असतात.

वेळेचा हिशेब तर आणखी गमतीचा. ताशी ८०० किलोमीटरनं ६८० म्हणजे ५१ मिनिटं. चढण्या-उतरण्याची सावकाशी धरा, तास-सव्वा तास. वेळापत्रकात मात्र दीड तास किंवा त्याहून जास्त. कारण तिथला प्रवास सुरू होतो तो चाकांचे अडसर काढल्यावर, आणि संपतो ते पुन्हा लागल्यावर. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. मग विमानं एकामागे एक, रेशनच्या रांगेत उभी. तो वेळ विमान कंपन्या तिकीट विकतानाच पदरात बांधून घेतात. त्यात हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा असला, तर नागपूरला जाताना तो पाठीमागून ढकलतो. शेवटी विमान वीस मिनिटं आधी उतरतं आणि वर अभिमानानं घोषणा होते. लोक खूशही होतात. मीही होतो, खोटं कशाला बोला.

(डोंबिवली ते विमानतळ या प्रवासाला किती वेळ लागतो, हे मी मामांना अजून कळू दिलेलं नाही. कळलं, तर विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट तेच काढून पाठवतील.)

परवा असाच नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर लवकर उतरलो. बॅगसुद्धा पट्ट्यावर लगेच आली. बाहेर मामांचा पत्ता नाही. फोन लावला.

"मामा, आलो. वीस मिनिटं आधीच पोचलो!"

"आधी?" मामांना ही गोष्ट मुळीच आवडली नाही. "आमच्याकडं गाडी टायमाच्या आधी आली, तर तिला आउटरला उभी करून ठेवत. प्लॅटफॉर्म नसे खाली."

"पण मी तर बाहेर येऊन उभा आहे."

"मंग राहा उभा. मी पोहे खाऊन राहिलो."