रात्री बघा, फरक पडेल

सोसायटीच्या कमिटीवर त्यांना आजवर कुणी घेतलेलं नाही. पार्किंगच्या भांडणात त्यांचं मत कुणी विचारत नाही आणि गणपतीच्या वर्गणीच्या यादीत त्यांचं नाव मधेच कुठेतरी असतं. पण घरातला काँप्युटर डाऊनलोड करता करता रेंगाळायला लागला की अख्ख्या बिल्डिंगला एकच दार आठवतं. त्यांना स्पीडकाका म्हणतात. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत नाहीतर एखाद्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये, काँप्युटरचं रीतसर शिक्षण शून्य आणि आत्मविश्वास गिगाबाइटमध्ये. कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत हा माणूस सगळीकडे सापडतो. चेहरा बदलतो, खिशातला टेस्टर बदलत नाही.

हा वाण रुजला तो २००५ च्या सुमारास. आदल्याच वर्षी सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर करून किमान २५६ केबीपीएस असेल त्यालाच ब्रॉडबँड म्हणायचं, असं ठरवून टाकलं होतं. मग बीएसएनएलचं 'डेटावन' आलं. डायल-अपच्या किंकाळ्या ऐकत वाढलेल्या घरांना हे सुख नवीन होतं. त्यातल्या 'होम ५००' प्लॅनमध्ये तर रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतला वापर मोजलाच जात नसे. दिवसा मर्यादा ओलांडली की दर एमबीला पैसे, रात्री मात्र हवं तेवढं ओढा. फुकट म्हटल्यावर मध्यमवर्गीय माणसाला झोप कसली लागते? पावणेदोनचा गजर लावून उठणारी, मॉनिटरच्या उजेडात बनियनवर बसलेली पुरुषांची एक पिढी त्या काळात तयार झाली. काका त्यातलेच.

पण इथे हिशोब आडवा आला. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला २५६ हजार बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे हातात पडणार ३२ हजार बाइट. दोन ते आठ या सहा तासांचे सेकंद होतात २१,६००. गुणाकार केला तर कागदावर जेमतेम ६९१ एमबी, आणि लिनक्सची सीडी ७०० एमबीच्या घरातली! (काका कायम लिनक्सच उतरवतात. टोरंट वापरणाऱ्या कुणालाही विचारून पाहा, लिनक्सच.) त्यात डेटाच्या पाकिटांवरचे पत्ते आणि पोचपावत्या यांतही थोडा वेग खर्ची पडतो. त्यामुळे सकाळी आठच्या ठोक्याला फाईल नव्वद टक्क्यांच्या आसपास येऊन लटकायची. मीटर दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो या धास्तीने काका सात पंचावन्नलाच वायर उपटत. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी दिवसभर ऑफिसात त्यांचं लक्ष लागत नसे.

उबुंटूवाले तेव्हा मागेल त्याला सीडी पोस्टाने फुकट घरपोच पाठवत असत, ही गोष्ट काकांना माहीत होती. त्यांनी मागवली नाही. पोस्टाने आलेल्या सीडीला स्पीड कुठे असतो?

काकांचं खरं रूप पाहायचं तर २००८ चा पावसाळा गाठायला हवा. तोवर प्लॅन दोन एमबीपीएसचे झालेले आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा दारात उभा. "काका, दोन एमबीचा प्लॅन आहे आणि चाळीस केबीच येतंय."

"चाळीस?" काका चष्मा पुसतात. घरात कुणाला एकशेचार ताप आहे हे ऐकून डॉक्टरचा चेहराही इतका उजळत नाही.

बिट आणि बाइटमधला फरक काकांना पक्का ठाऊक असतो. दोन एमबीपीएसमध्ये सेकंदाला दोन एमबी कधीच येणार नाहीत, फार तर अडीचशे केबी येतील, हे ते झोपेतही सांगतील. पण ते तो फरक सांगतात अगदी शेवटी, चहाच्या वेळी. आधीच सांगितला तर निम्म्या तक्रारी जागच्या जागी मिटतात आणि काकांना खोलायला काही उरत नाही.

म्हणून उपचार सुरू होतात ते वरून. पहिला मान विंडोजच्या 'वीस टक्क्यां'चा. विंडोज एक्सपी तुमच्या कनेक्शनचा वीस टक्के भाग स्वतःसाठी राखून ठेवते, अशी त्या काळात गावभर वदंता होती. एखादा प्रोग्रॅम मागेल तेव्हाच ही राखण लागू होते, एरवी सगळा वेग सगळ्यांना खुला असतो, असा खुलासा खुद्द मायक्रोसॉफ्टने केला होता. काकांच्या लेखी खुलासा करणारा तो चोरच. ते रन उघडून 'जीपीएडिट डॉट एमएससी' टाईप करतात. एक्सपीच्या होम आवृत्तीत ती सोयच नाही, त्यामुळे काहीच उघडत नाही. "बघितलंस? लपवलंय," काका म्हणतात.

मग येतो टीसीपीआयपी डॉट एसवायएसचा पॅच. इथे काकांचं थोडं बरोबर असतं. २००४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक टूने एका वेळी अर्धवट जोडण्यांची संख्या दहावर आणून ठेवली होती. काँप्युटरमध्ये शिरलेला वर्म झपाट्याने पसरू नये हा हेतू. टोरंटला एकदम शेकडो दारं ठोठावायची असतात, तेव्हा सुरुवातीला ही मर्यादा जाणवायची खरी. पण एकदा जोडण्या जमल्या की तिचा वेगाशी फारसा संबंध उरत नाही. काका दहाचे शंभर करतात, टोरंटमधल्या जोडण्या वाढवून पाचशे करतात, आणि बिचारा स्वस्तातला मोडेम एवढ्या जोडण्यांची नोंद ठेवता ठेवता अर्ध्या तासात मान टाकतो. "गरम होतो," काका निदान करतात. मोडेमखाली दोन पेन्सिली सरकवल्या जातात, खालून वारा लागावा म्हणून. त्या पेन्सिली त्या घरात पुढची चार वर्षं तशाच असतात आणि मुलाला परीक्षेच्या दिवशी त्यांचीच आठवण होते.

यानंतर १९२.१६८.१.१. युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन. हे काकांचं गर्भगृह. पोर्ट फॉरवर्डिंग हे शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली येतो. बाहेरच्यांना तुमच्यापर्यंत पोचता येत नसेल तर जोडणारे कमी मिळतात, हे त्यातलं तत्त्व, आणि ते चुकीचं नाही. काका ६८८१ हा जुना पोर्ट काढून दुसरा आकडा घालतात. आकडा बहुतेक वेळा त्यांच्या स्कूटरचा नंबर असतो.

एवढं सगळं एका बैठकीत होतं. पाच गोष्टी एकदम बदलल्यावर गुण कशाने आला हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये, आणि काकांची तीच सोय आहे. उठताना ते म्हणतात, "आत्ता लगेच नाही कळणार. रात्री बघा, फरक पडेल." फरक पडतोच! रात्री निम्मी बिल्डिंग झोपलेली असते, एक्स्चेंजवरचा भार उतरलेला असतो. सकाळी वहिनी डब्यातून उपमा पाठवतात.

काकांच्या स्वतःच्या घरी मात्र वेगाची रड कायम, आणि तिचं कारण त्यांच्या स्वभावात आहे. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरंट लिहिलं तेच मुळी देवाणघेवाणीच्या हिशोबावर. या पंगतीत जेवणारे आणि वाढपी एकच. तुमचा प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी पाहतो की आपल्याला कोण किती देतंय, आणि जे जास्त देतात त्यांनाच पुढे वाढतो. नवख्यांवर अन्याय नको म्हणून अधूनमधून एखाद्याला उगीचही देऊन बघतो. काकांना हे घेणं पटतं, देणं पटत नाही. "आपलं का वाया घालवायचं?" म्हणून त्यांनी अपलोडचा आकडा एकवर बांधून ठेवलेला. यूटोरंटमध्ये तर अपलोड सहा केबीच्या खाली बांधलं की डाऊनलोडही अपलोडच्या सहापटीवर अडवायची सोय होती. काका एक देत, त्यांना सहा मिळत, आणि ते तारेला शिव्या देत.

कुणी हटकलं तर काका दुसऱ्या टोकाला जात, अपलोड पूर्ण मोकळं. एडीएसएलच्या लाईनमध्ये वर जाणारा रस्ता खाली येणाऱ्यापेक्षा बराच अरुंद. तो काठोकाठ भरला की आलेल्या डेटाच्या पोचपावत्याच वर जायच्या अडतात, आणि पावती मिळेना म्हणून समोरचा पाठवणं मंदावतो. वर जाण्याचा जो काही वेग असेल त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास अपलोड बांधावं, एवढाच त्यावरचा साधा उपाय. पण आकडा मधला आहे. काकांना मधल्या आकड्यांत मर्दुमकी दिसत नाही.

तर, दुसऱ्या मजल्यावर दोन दिवसांनी पुन्हा चाळीस. मग तीस. बाहेर धो धो पाऊस, फोनवर खरखर. शेवटी वहिनींनी काकांच्या नकळत टेलिफोनच्या लाईनमनला बोलावलं. लाईनमन काँप्युटरकडे ढुंकूनही पाहत नाही. तो जिन्याखालची डबी उघडतो. आत तांब्याच्या तारेचं टोक हिरवं पडलेलं, पाणी शिरलेलं. पकडीने इंचभर तार छाटतो, सोलतो, पीळ देऊन बसवतो. मग स्वयंपाकघरातला जादा फोन हातात घेतो, जो स्प्लिटर न लावता सरळ लाईनला जोडलेला आहे, आणि नुसतं "हं" म्हणतो. दहा मिनिटांत वेग दोनशे वीस.

काकांना हे संध्याकाळी जिन्यात कळतं. ते क्षणभर थांबतात, आणि मग प्रसन्नपणे म्हणतात, "म्हणजे माझं पोर्ट फॉरवर्डिंग आता लागू पडलं."

एक गोष्ट सांगायलाच हवी. काकांना फाईलमध्ये रस नसतो. त्यांच्या कपाटात कोऱ्या डीव्हीडींच्या डब्यांमध्ये लिहिलेल्या चकत्या रचून ठेवलेल्या आहेत, मार्करने नावं घातलेली: 'उबुंटू ८.०४ फायनल', 'उबुंटू फायनल नवीन', 'उबुंटू ठेवणे'. यातलं एकही त्यांनी कधी बसवलेलं नाही. काकांचा जीव त्या कोपऱ्यातल्या आकड्यात. फाईल शंभर टक्के झाली की त्यांचा चेहरा उतरतो, आणि ते ती लगेच यादीतून काढून टाकतात, दुसऱ्यांसाठी चालू ठेवत नाहीत. एखादी ९९ टक्क्यांवर अडकली तर मात्र ते तिच्यावर लेकरासारखा जीव लावतात. ज्याच्याकडे तिचा शेवटचा तुकडा असेल असा माणूसच जगात ऑनलाईन नाही, तेव्हा पोर्ट, पॅच, पेन्सिल काही केलं तरी ती पूर्ण होणार नाही, हे मान्य करायला ते तयार नसतात. काँप्युटर दिवसरात्र चालू. वीजबिल आलं की काकू काही बोलत नाहीत, फक्त बिल कीबोर्डवर ठेवतात.

आता फायबर आलं. तांब्याची तार गेली आणि तिच्याबरोबर निम्मी विद्या गेली. पोर्ट फॉरवर्डिंग करायला जावं तर कंपनीने कित्येक घरं मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला. राऊटरच्या बाहेरच्या बाजूला शंभर-चौसष्ट वगैरेने सुरू होणारा आकडा दिसतो आणि स्कूटरचा नंबर घालून काही उपयोग होत नाही. काकांनी यावरही मार्ग काढला आहे. ते वायफायकडे वळले. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल एक, सहा किंवा अकराच धरावं, कारण तेवढेच एकमेकांवर चढत नाहीत, हे त्यांचं सांगणं बरोबर आहे. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो हेही खरं. पण म्हणून शेजारच्यांनी पापड भाजायच्या वेळा जिन्यातल्या फळ्यावर लिहून लावाव्यात ही सूचना सर्वसाधारण सभेत फेटाळली गेली.

परवा त्याच दुसऱ्या मजल्यावरून बोलावणं आलं. मुलगा आता नोकरीला लागलेला, तीनशे एमबीपीएसचा प्लॅन, शंभर जीबीचा गेम उतरवतोय आणि वेग चौऱ्याण्णवच्या वर सरकत नाही. काकांनी राऊटर बंद करून चालू केला. चॅनेल बदललं. डीएनएस बदलून ८.८.८.८ टाकायला घेतलं. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधणं, पत्ता सापडल्यावर सामान कसं धावतं याच्याशी त्याचा जवळपास संबंध नाही, असं मुलाने मध्येच सांगितलं आणि टेबलामागून लॅन केबल ओढून काढली. जुनी, कोपऱ्यात दुमडलेली, आठांपैकी दोन तारा तुटलेल्या. उरलेल्या तारांवर जोडणी शंभरच्याच वेगाने जमत होती, आणि शंभरच्या जोडणीत चौऱ्याण्णवच हाती लागतात. नवी केबल लावली, आकडा दोनशे ऐंशीच्या वर गेला.

काका बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले.

"केबल बदललीस ते ठीक आहे," ते उठता उठता म्हणाले, "पण ते चार आठ तेवढे टाकून ठेव. असू देत."