शोकाचे शिरस्तेदार

पाटील, पुजारी आणि पोस्टमन यांच्याबरोबरच प्रत्येक गावात आणखी एक अधिकारी असतो, ज्याची नेमणूक कोणत्याही सरकारने केलेली नसते, ज्याला वेतन नसते, आणि ज्याच्या बदलीचा हुकूम केवळ यमसदनाहूनच निघू शकतो. गावातल्या यच्चयावत् मृत्यूंचा हा स्वयंनियुक्त व्यवस्थापक. कमलनगरात त्याला शिरस्तेदार म्हणतात.

वास्तविक आमचे शिरस्तेदार सरकारदफ्तरी साध्या कारकुनाच्या हुद्द्यापलीकडे कधी गेले नाहीत. निजामी अमलात उर्दूतून शिक्षण झाले, १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर अर्ज मराठीतून येऊ लागले, आणि १९५६ च्या १ नोव्हेंबरला शेजारचे उदगीर मुंबई राज्यात व औराद तालुक्यासह आमचे कमलनगर म्हैसूर राज्यात गेल्यावर त्याच मेजावर, त्याच टाकाने, ते कन्नडही गिरवू लागले. तीन लिप्यांत बारनिशी केलेल्या या गृहस्थाची अशी दृढ श्रद्धा झाली, की राज्ये बदलतात, भाषा बदलतात, परंतु माणूस मेल्यावर करावयाच्या गोष्टींचा क्रम बदलत नाही, आणि बदलू देताही कामा नये.

या विषयातला त्यांचा अधिकार सर्वपंथीय होता. लिंगायताला बसवून मूठमाती देताना खड्डा किती खोल हवा, मुसलमानाच्या घरी तिसऱ्या दिवसाची जियारत आणि चाळिसावा यांत कोणाकोणाला आमंत्रण जावे, मराठ्याच्या घरी राख सावडायला मामाकडचे येईपर्यंत किती वेळ थांबणे रास्त, हे सारे त्यांच्या जिव्हाग्री असे. कोण कोणाच्या मातीला आला होता आणि कोण नुसता दहाव्याला येऊन जेवून गेला, याची हजेरी त्यांच्या मस्तकात इतकी बिनचूक नोंदलेली असे, की सोयरिकी जुळवताना लोक पंचांगाआधी त्यांना विचारीत. अलीकडे चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरील मजकूरही छापखान्यात जाण्यापूर्वी त्यांच्या नजरेखालून जाई. मृताच्या छायाचित्रापेक्षा शोकाकुलांची छायाचित्रे मोठी असू नयेत, हा त्यांचा दंडक पुढाऱ्यांना फार जाचक वाटे.

अशा या तज्ज्ञापुढे, पुण्यात शिकून आलेल्या आमच्या एका उत्साही तरुणाने, देवळाच्या पटांगणात पांढरे कापड ताणून, २०१० साली प्रदर्शित झालेला उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ हा चित्रपट लावला. नात्याने भाऊ असलेली दोन मुले, त्यांची निस्सीम मैत्री, घरातले लग्न, एकाचा विहिरीत बुडून झालेला मृत्यू, आणि त्यानंतर मागे राहिलेल्या मुलाचा, न आटोपणारा आणि फारसे न बोलणारा, शोध, एवढेच त्याचे कथानक. प्रास्ताविकात त्या तरुणाने एक प्रमाद केला. चित्रपटाची निर्मिती अमिताभ बच्चन यांच्या संस्थेची आहे, हे त्याने सांगितले. ते खरे होते. परंतु त्यामुळे निम्मे पटांगण अमिताभ आता येईल, मग येईल, निदान मुलाला विहिरीतून काढायला तरी येईल, या आशेवर बसून राहिले, आणि तो आलाच नाही तेव्हा मृत मुलापेक्षा त्याच्याच अनुपस्थितीने अधिक शोकाकुल झाले.

स्त्रीवर्गाची अडचण निराळी होती. १९९१ चा ‘माहेरची साडी’ उदगीरला जाऊन पाहिलेल्या, आणि २००४ साली ‘श्वास’मधल्या आजोबा-नातवापायी डोळे सुजवून घेतलेल्या या अनुभवी प्रेक्षक पदर मुठीत धरून सिद्ध होत्या. पण दिग्दर्शक त्यांना सवडच देईना. रडू येणार तोच पडद्यावर नुसते पाणी, किंवा माळरान, किंवा काहीच न बोलणारा मुलगा. बराच वेळ तसाच धरलेला पदर अखेर त्यांनी डासांसाठी वापरला. मागच्या रांगेतून एकाने मशीन बंद पडले काय म्हणून विचारणा केली. दुसऱ्याने ते चालू असल्याचे, पडद्यावरले गवत हलते आहे या पुराव्यानिशी, सिद्ध करून दिले. तंबाखूची देवघेव वाढली. पोरे शेजारी लपाछपी खेळू लागली, आणि पडद्यावरही लपाछपीच चालली असल्याने कोणती खरी हे ओळखणे काही काळ दुर्घट झाले.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. ज्या सीमाभागाने महाजन आयोगाची नेमणूक १९६६ साली पाहिली, त्याचा अहवाल १९६७ साली ऐकला, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या दाव्याची तारीख मोठ्या समाधानाने पुढे पडताना पाहिली, त्या प्रदेशातील रयतेने एखादा चित्रपट संथ असल्याची तक्रार करावी, ही कृतघ्नता होय.

शिरस्तेदार मात्र हालले नाहीत. लोक उठले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, तो तरुणही ओशाळून यंत्राशी उगाच खुडबुड करू लागला, तरी हे पहिल्या रांगेत, दुखवट्याला बसावे तसे, पाय जवळ घेऊन आणि टोपी गुडघ्यावर ठेवून, अचल बसले होते. ज्या मनुष्याने नदीकाठी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहण्यात भर उन्हाच्या दुपारी घालवल्या, ज्याने मृताच्या एकेक अपुऱ्या इच्छा आठवून कावळ्याला कबूल केल्या, त्याला दोन तासांच्या मौनाचे काय भय? ज्या धिम्या, निरुत्तर, पुढे न सरकणाऱ्या वेळेपुढे पुण्या-मुंबईचे रसिकही घड्याळे पाहतात, तिच्यातच यांची उभी हयात गेली होती. कलेची जाण त्यांना नव्हती, पण सराव दांडगा होता.

चित्रपट संपल्यावर त्यांनी त्या तरुणाला जवळ बोलावले. तो भीत भीत आला.

“बापू, पोरगं गुणाचं होतं रे,” ते म्हणाले. “पण हे सुतक कसलं? भाऊ गेलेला, अन् हे लेकरू रानोमाळ हिंडलालंय, आणि घरचं मोठं माणूस हटकंना. लेकराला काहीतरी काम लावायचं असतंय. पाणी भर, सरपण आण, सोयऱ्यांना निरोप दे. मग ते असं हिंडत नाही.”

तरुणाने मुलाच्या अंतर्मनाविषयी, प्रतिमांविषयी आणि प्रकाशयोजनेविषयी काही सांगितले. शिरस्तेदारांनी ते, समाचाराला गेल्यावर घरची मंडळी दवाखान्याची हकीकत सांगतात तेव्हा ऐकावे तितक्याच सहानुभूतीने, मान हलवीत ऐकून घेतले, आणि दिग्दर्शकाचा पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टकार्ड तयार होते. वळणदार अक्षरात लिहिले होते, की आपल्या घरचे दुःखद वर्तमान आम्हांस कमलनगर मुक्कामी पडद्याद्वारे कळले. वर्तमान देणारे कोपरा फाडलेले कार्ड आम्हांकडे आले नाही, तथापि त्याबद्दल रोष नाही. ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही. धाकट्या मुलास जपावे व त्यास एकटे पाण्याकडे जाऊ देऊ नये. दहाव्याची तारीख उलट टपाली कळवावी, म्हणजे येथून निघता येईल. आणि खाली, जागा अपुरी पडल्याने समासात आडवे: ताजा कलम, कावळा कशावर शिवला त्याचा तपशील पडद्यावर पुरता आला नाही, तरी तोही लिहावा.