मूळपुरुष

सोलापुरातल्या कॉलेजात समाजशास्त्र घेतलं की हे सर वाट्याला येतातच. वेळापत्रकावर त्यांचं नाव काहीही असो, पोरांनी ठेवलेलं नाव एकच: मूळपुरुष.

इतर सर हजेरी दहा मिनिटांत उरकतात. मूळपुरुषांची पहिली हजेरी आठवडाभर चालते. "चिट्याल? म्हणजे तेलंगणातले. पणजोबा मागावर बसायचे का?" "बिराजदार? घरी कन्नड बोलता की फक्त भांडता?" "शेख? विजापूर वेशीतले?" ते जात कधी विचारत नाहीत. पणजोबा सोलापुरात का आले आणि आल्यावर पहिल्या रात्री कुणाकडे जेवले, असं त्याहून अवघड विचारतात.

एखादा छाती काढून म्हणतो, "आम्ही मूळचे इथलेच, सर." मूळपुरुष याच वाक्याची वाट बघत असतात.
"किती पिढ्या?"
"मोजल्या नाहीत."
"मग मोजून ये."

पोरगं घरी जाऊन विचारतं, तर आजी म्हणते, "सरांना काय करायचंय? स्थळ आणायलेत का?"

उत्तरपत्रिकेत "मी सर्वेक्षण केलो" असं वाक्य आलं तर मराठीच्या बाई लाल रेघ मारतात. मूळपुरुष त्याच वाक्याखाली हिरवी रेघ मारून समासात लिहितात, "कन्नडचा प्रभाव. उत्तम पुरावा!" त्यामुळे एकाच वाक्यावर पोराचे एका विषयात गुण जातात आणि दुसऱ्यात वाढतात. मात्र "सोलापूर म्हणजे वेगवेगळ्या धाग्यांची चादर" असं कुणी लिहिलं की सर भडकतात. "चादरीवर लिहायचं असेल तर विणणाऱ्याची मजुरी लिही," असा शेरा येतो.

त्यांचा आवडता प्रश्न चार हुतात्मा चौकातला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली, हे गाइडात असतं. मूळपुरुष विचारतात, "या चौघांच्या आया कुठल्या भाषेत रडल्या असतील?" याचं उत्तर गाइडात नसतं. पोरं बाहेर येऊन म्हणतात, "सिलॅबसबाहेरचं आलंय बे!"

जानेवारीतच गड्ड्याची यात्रा. पोरांना वाटतं पाळण्यात बसायचं, भजी खायची. मूळपुरुष वही घेऊन हजर. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, कुठल्या ध्वजाचा मान कुठल्या समाजाकडे, अक्षता सोहळ्यात कुंभारकन्येचं स्थान काय, सगळं टिपायचं. पोरींनी पाळण्याकडे पाहिलं की सर म्हणतात, "निरीक्षण सहभागी असावं," आणि स्वतःच तिकिटं काढतात. वर गेल्यावर मात्र डोळे मिटतात. तेवढंच निरीक्षण त्या दिवशी सगळ्यांच्या वहीत एकसारखं उतरतं.

गोविंद सदाशिव घुर्ये आणि इरावती कर्वे ही त्यांची दैवतं. पुण्यासारख्या शहरात इरावतीबाई स्कूटर चालवायच्या, हे ते दर वर्षी सांगतात. सांगून झालं की स्वतःची जुनी स्कूटर ढकलायला चार पोरं मागतात. याला ते क्षेत्रकार्य म्हणतात.

सेटलमेंट भागातलं पोरगं मात्र पहिल्या हजेरीला पत्ता सांगताना अडखळतं. 1871च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, सोलापुरात त्यांना काटेरी तारेच्या आत कोंडलं, आणि तो डाग कागदावरून पुसायला ऑगस्ट 1952 उजाडावा लागला. मूळपुरुष त्या पोराला काहीच विचारत नाहीत. त्याच्या आजीला वर्गात बोलावतात, आपल्या खुर्चीत बसवतात आणि स्वतः पहिल्या बाकावर वही उघडतात. आजी बोलत असतात, तोवर तास संपल्याची घंटा कुणी मनावर घेत नाही. आठवडाभर हजेरी घेणाऱ्या माणसाला कुठं गप्प बसायचं हेही कळतं, हे पोरांना त्या दिवशी समजतं.

निकाल लागतो. मूळपुरुष गुण सढळ देत नाहीत. पण वर्षाअखेरीस वर्गातल्या प्रत्येकाचं कुणीतरी कधीतरी बाहेरून पोटासाठी आलेलं निघतं. त्यानंतर "तुम्ही बाहेरचे" असं कुणी कुणाला म्हणत नाही; म्हटलंच तर मूळपुरुष त्याच्या पिढ्या मोजतात.

तेव्हा यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी समाजशास्त्र जरूर घ्यावं. पुस्तक नंतर घेतलं तरी चालेल. पहिल्या तासाआधी आजीला गाठा.