दोनाच्या पटीत

कोकणातल्या रिसॉर्टचं दरपत्रक ज्यानं पहिल्यांदा लिहिलं, त्याला एक हा आकडा कुणी शिकवलाच नसावा. खोली दोघांची. तिसरा आला तर जादा गादी, पाच वर्षांखालचं पोर फुकट, ड्रायव्हरची सोय वेगळी. माणसं वाढली तर काय, याचा पुरता विचार झालेला. कमी झाली तर? तारकर्लीला फोन करून मी हे विचारलं, तेव्हा पलीकडून थोडा वेळ नुसता समुद्रच ऐकू आला. मग, "मॅडम, रूम तर तेवढीच लागणार ना तुम्हाला?" निम्म्या पलंगाचे पैसे परत मागण्याइतकी मी अजून पुणेकर झालेली नाही, सासर सदाशिव पेठेतलं असलं तरी.

कुडाळ स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं माझी बॅग ठेवली आणि माझ्या मागे पाहत उभा राहिला. "बाकीची माणसां खंय?" बाकीची नाहीत म्हटल्यावर त्यानं निमूटपणे रिक्षा सुरू केली. नेरूरपारचा पूल गेला, धामापूरचा तलाव गेला, तोवर बिचारा एक शब्द बोलला नाही. चौक्याच्या अलीकडे मात्र त्याला राहवेना. "घराकडे सगळा बरा आसा मा?"

खोलीत पलंगावर टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवले होते. एक मी आंघोळीला घेतला. दुसरा रात्रभर माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी बनाना राइडला गेले. हा पिवळा फुगा चार जण जमल्याशिवाय सुटत नाही, म्हणून मला इचलकरंजीच्या एका कुटुंबात जोडून देण्यात आलं. त्यांच्या सासूबाईंनी आधी चष्मा माझ्याकडे दिला, मग पर्स, मग नातू. "मिस्टर?" त्यांनी हळूच विचारलं. आहेत म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरची सहानुभूती सरसर उतरली आणि तिथं कुतूहल आलं. "भांडून आलाय काय वो?" नाही. "मग?" या "मग?"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाईमाणसानं एकटीनं कुठं जायचं तर माहेर, दवाखाना किंवा ऑडिट, अशी तीनच खाती आपल्याकडे उघडलेली आहेत. काही झालेलं नसताना, केवळ पडून राहायला चारशे किलोमीटर येणं कुठल्याच खात्यात बसत नाही. बाईंनी शेवटी त्यांच्यापुरता निकाल लावून टाकला. सुनेला म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलं असंल."

सिंधुदुर्गाला जाणारी होडीही अर्थात भरल्याशिवाय हलत नव्हती. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. असली चमत्कारिक गोष्ट तिथं साडेतीनशे वर्षं सुखानं नांदते आहे, पण एका बाईपुरता गाइड मिळेना. "ग्रुप होऊ दे," म्हणाला. ग्रुप झाला. इचलकरंजीचाच.

एकट्या माणसासाठी बनवलेली अख्ख्या तारकर्लीत एकच वस्तू मला आढळली: सुरूच्या दोन झाडांना बांधलेला जाळीचा झोपाळा. माझ्या मनातली सुट्टी म्हणजे हाच झोपाळा होता. हातात पुस्तक, उशाशी शहाळं, पायाशी अरबी समुद्र. प्रत्यक्षात त्यात आधी बसावं लागतं, आणि आपण बसलो की तो मागे सरकतो. मी दोन्ही कडा धरून पाठ टेकवली, तर पाय आभाळाकडे गेले आणि पुस्तक वाळूत. शहाळं हाताच्या टप्प्याबाहेर, नेमकं चार बोटं. दंडावर दोरीचे चौकोन उमटू लागले. एक पिवळा कुत्रा येऊन समोर बसला आणि पुढं काय होतं ते पाहू लागला. पुढं काहीच होईना, कारण आत जाणं एकवेळ एकटीला जमतं, बाहेर यायला माणूस लागतो. शेवटी इचलकरंजीच्या सूनबाईंनी मला काढलं.

घरून फोन मात्र येत नव्हता. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून, गॅसवाल्याचा नंबर फ्रिजवर लावून मी निघाले होते. शेवटी मीच केला. "काय सापडत नाहीये?" "सगळं सापडलं," हे म्हणाले. पंचवीस वर्षांच्या संसारात इतकं झोंबणारं वाक्य मी ऐकलं नव्हतं. पाठोपाठ ग्रुपवर फोटो आला. मिसळ, वर जादा तर्री, आणि कोपऱ्यात नवऱ्याचा अंगठा, आनंदानं वर केलेला.

परतायच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीनं मोठ्या अर्धवर्तुळात सोडलेलं जाळं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणि दोन रांगांत तीस-चाळीस माणसं. मी कडेला उभी राहून फोटो काढत होते. "बगतास काय, धरा दोरी!" कुणीतरी ओरडलं, आणि मी धरली. ओला, खरखरीत दोर. टाचा वाळूत रुतवायच्या आणि उलट्या पावली मागे जायचं. मागं पोचलो की दोर सोडून पुन्हा पुढं येऊन पाण्यापाशी धरायचा. माझ्या पुढच्या आजीचं वय सत्तरीच्या पुढं असावं आणि जोर माझ्या दुप्पट. पर्ससीनवाल्यांनी उपसून नेल्यावर उरलेलं जे काही होतं ते तासाभरानं वर आलं: तारली, थोडे बांगडे, खेकडे, जेलीफिश, एक चप्पल.

मग वाटे झाले. आजीनं सहा बांगडे माझ्या ओढणीत टाकले. "ह्यो तुमचो वाटो." दोर ओढला त्याला वाटा, माणशी. जोडीला कोण, मागून कोण येणार, काही विचारपूस नाही. मी इतकी हरखले, की ओढणी नवी आहे हेही विसरले.

रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातल्या काकींनी बांगडे मोजले, माझ्याकडे पाहिलं. "सगळे एकट्याच खातलास?" उत्तराची वाट न बघता त्यांनी मसाला चोळला, तळले, आणि स्वतःचं ताट घेऊन माझ्यासमोर बसल्या. तीन त्यांना, तीन मला. पहिला बांगडा संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग बोटं चाटून म्हणाल्या, "बरां, तुमचो घोव काय करता?"

"मिसळ खाता," मी म्हटलं.