सहा इंची की आठ इंची?

घरच्या घरी सुतारकाम करायचा नाद लागलेला माणूस ओळखायचा कसा? त्याच्या घरात एकही नवं स्टूल नसतं. ज्यांना स्टूल करायचं असतं ते करून मोकळे होतात. हा माणूस स्टुलासाठी लागणारं रंधा मशीन निवडत असतो.

नंदुरबारला आमच्या कॉलनीतले सर याच जातीचे. हायस्कूलात गणित शिकवून निवृत्त झाले. पोरांच्या वह्यांवर लाल फुल्या मारण्यात हयात गेली. आता या वयात स्वतःच्या उत्तरावर फुली पडायचा धोका कोण पत्करणार? म्हणून सर उत्तर लिहीतच नाहीत. प्रश्न मात्र दर आठवड्याला नव्याने मांडतात.

निमित्त तसं साधं होतं. गावाकडचं धाब्याचं घर उतरवलं, त्यातून सातपुड्याच्या सागाच्या तुळया निघाल्या. वखारवाला रोख पैसे मोजायला तयार होता. सर म्हणाले, "वडिलांचं लाकूड आहे. याचं जेवणाचं टेबल करू." तुळया अंगणात पत्र्याच्या शेडखाली आल्या. काकूंनी कौतुकाने त्यांना हळद-कुंकू वाहिलं. आता त्यांच्यावर वाळवणाच्या मिरच्या असतात.

रंधा मशीनचं काम काय, हे सरांनी कॉलनीत इतक्या वेळा समजावलंय की दूधवालाही न अडखळता सांगतो. फळीची एक बाजू सपाट करायची आणि तिला लागून असलेली कड काटकोनात आणायची, बस. दोन्ही बाजू समांतर करून जाडी एकसारखी करायला थिकनेस प्लेनर वेगळा. नुसत्या थिकनेसमध्ये पीळ पडलेली फळी घातली, तर ती गुळगुळीत होऊन बाहेर येते, पिळासकट. मशीनचं मागचं टेबल पात्यांच्या उंचीला तंतोतंत हवं. जरा खाली राहिलं की फळीच्या शेपटाला खळगा पडतो. दूधवाला हे सगळं ऐकून घेतो, कारण मागच्या महिन्याचं बिल बाकी असतं.

एवढं कळल्यावर मशीन आणायला हरकत नव्हती. पण मशीन सहा इंची घ्यावं की आठ इंची? तुळई चिरल्यावर फळी सात इंचांची निघणार. म्हणजे सहात मावणार नाही. आठ इंची घ्यावं तर वजन वाढतं, ओतीव लोखंडाचं टेबल लांब होतं, शेड अपुरी पडते. शेड वाढवायची तर आधी फरशी लेव्हलमध्ये हवी. सरांनी स्पिरिट लेव्हल आणली. फरशीला उतार निघाला. मग घरात तपासणी झाली. ओटा कलता निघाला, देवघर कलतं निघालं, आणि वीस वर्षं सुखाने झोपत होते तो पलंगही एका बाजूला उतरता निघाला. त्या रात्रीपासून सरांना झोप लागत नाही.

पुढे विजेचा प्रश्न. मोटर सिंगल फेजवर घ्यावी की थ्री फेजचं कनेक्शन मागावं? त्यानंतर खिळ्यांचा. जुन्या तुळईत एखादा खिळा तुटून आत राहिलेला असतो. तो फिरत्या पात्याला लागला की धारेचे तुकडे पडतात. म्हणून आधी धातू शोधायचं यंत्र बघायला हवं. ते कोणतं घ्यावं, यासाठी सरांनी दुसरी वही घातली.

एकदा सर मशीन आणायला म्हणून खरोखर सुरतेला निघाले. ताप्ती लाइनवर मध्ये नवापूर लागतं. त्या स्टेशनावरचा एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. सर चहाला उतरले आणि नेमके त्या बाकावर टेकले. "तिथे बसलो आणि दोन्ही बाजू एकदम पटल्या," असं ते सांगतात. गाडी सुरतेला गेली. सर उलट्या गाडीने घरी आले.

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला लोक घोड्याचे दात बघतात, खूर बघतात, दोन पावलं चालवून बघतात आणि जेवणाच्या आत लाखाचा व्यवहार करून जनावर घेऊन जातात. सर हे दरवर्षी बघतात आणि दरवर्षी म्हणतात, "अभ्यास नाही लोकांचा." धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा काढायचा निर्णय सरकारकडून झाला, १ जुलै १९९८ ला जिल्हा कामालाही लागला. सरांच्या मते त्यातही घाईच झाली.

त्यांना खरा विरोधक भेटला तो तळोद्याचा मिस्तरी. तळोदा ही खानदेशातली जुनी लाकूडपेठ. तिथल्या बैलगाड्यांची तारीफ इंग्रजांच्या गॅझेटियरातही आहे. त्या गाड्या ज्यांनी केल्या त्यांच्याकडे वाकस, पटाशी आणि हातरंधा एवढंच होतं. मिस्तरीने शेडमधली एक पाटी उचलली, दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवली, खाली वाकून एक डोळा मिटला. जवळच्या पट्टीच्या वर लांबच्या पट्टीचं एक टोक डोकावत होतं. "दोन सूत पीळ शे," तो म्हणाला. खडूने उंच कोपऱ्यांवर खुणा केल्या आणि रंधा कोनाकोनी फिरवायला लागला. पातळ सालं वळून पायाशी पडत होती. चहा येईपर्यंत दोन्ही पट्ट्या एका रेषेत आल्या. सरांनी गुण्या लावला, फिरवून लावला, चष्मा पुसून लावला.

"हाताने केलंय. मशीनची अचूकता वेगळी," सर शेवटी म्हणाले.

"मंग मशीन ली या ना, सर," मिस्तरी म्हणाला.

इथे काकू स्वयंपाकघरातून बोलल्या, "मला बघायला आले, तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला होता."

"तेव्हा तुलना करायला दुसरं स्थळ नव्हतं," सर म्हणाले. त्या दिवशी त्यांना रात्रीचं जेवण उशिरा मिळालं.

गंमत अशी, की दुसऱ्याच्या बाबतीत सरांचं डोकं विजेसारखं चालतं. त्यांचाच एक जुना विद्यार्थी दारं-चौकटींचा कारखाना काढायचा म्हणून सल्ल्याला आला. सरांनी त्याला चार प्रश्न विचारले आणि उभ्या उभ्या निकाल दिला. "आठ इंची घे. ओतीव टेबल, शक्य तेवढं लांब. थ्री फेज. आखूड तुकडा कधी चालवायचा नाही, आणि फळी ढकलायला हात नाही, ठोकळा वापरायचा." पोराने पाया पडून तस्सं केलं. आज त्याच्याकडे शहाद्यापासून माल येतो.

शेवटी काकूंनीच एक फळी रिक्षात घातली आणि सरांना तिच्याशेजारी बसवून त्या पोराच्या कारखान्यात धाडलं. खिळे काढलेले होते. पोराने मशीन चालू केलं, फळी दोन-तीनदा पुढे ढकलली, कड उभी करून एकदा नेली. राखाडी लाकडातून मधासारखा पिवळा साग वर आला. सरांनी गुण्या लावला. उजेड दिसेल एवढी फट कुठेच नव्हती. सर बराच वेळ फळीऐवजी मशीनकडे बघत राहिले.

"हे किती इंची रे?"

"आठ, सर. तुम्हीच सांगितलं होतं."

"ते तुला सांगितलं होतं," सर म्हणाले. मग खिशातून वही काढली, सहा आणि आठ या दोन रकान्यांच्या मधोमध एक नवी उभी रेघ ओढली आणि विचारलं, "सात इंची कुठे मिळतं का बघ."