लाल उजवी, पांढरी डावी

पनवेलच्या आमच्या घरात काकांचा जुना अॅम्प्लिफायर आहे. रोज पुसला जातो, महिन्यातून एकदा वाजतो. परवा भाच्याने खिशातला म्युझिक प्लेअर त्याला जोडायला घेतला आणि घरात चार साउंड इंजिनिअर जन्माला आले.

काम एका वायरीचे. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन, दुसऱ्याला दोन आरसीए पिना. लाल उजवी, पांढरी डावी. भावोजींनी त्या थेट ‘फोनो’त खुपसल्या. नावात फोन आहे ना! ते भोक रेकॉर्ड प्लेअरच्या अशक्त सिग्नलला ताकद देण्यासाठी असते. धडधाकट प्लेअर तिथे लावला आणि यमनमधून स्टेशनवरची रिक्षा निघाली.

‘ऑक्स’मध्ये लावल्यावर गाणे सापडले. मग चार्जर जोडला, तर खालून घूंऽऽ सुरू. काका डोळे मिटून म्हणाले, “षड्ज छान लागलाय.” चार्जर काढला, षड्ज गेला.

१९७९ साली सोनीने वॉकमन काढून गाणे घराबाहेर नेले. आपण वायर लावून ते परत आणतो. आता बऱ्याच नव्या फोनांना ३.५ मिलिमीटरच्या पिनेचे ते गोल भोकही नाही. तेव्हा, जुनी वायर भंगारात देऊ नका. आणि भावोजींच्या हातात तर मुळीच नको.